मालाबरोबर लादलेली माणसे

फेब्रुवारी २०२१ मध्ये एका रात्री जळगाव जिल्ह्यातील यावल तालुक्यात किनगावजवळ पपईने भरलेला ट्रक उलटला. त्याच ट्रकमधून परतणारे निदान १५ मजूर मृत्युमुखी पडले. त्यांत स्त्रिया होत्या, मुलेही होती. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये बुलढाणा जिल्ह्यात लोखंडी सळ्या वाहणारा टिप्पर उलटून समृद्धी महामार्गाच्या कामावरील १३ मजूर प्राणांस मुकले.

अशा घटनांची नोंद ‘रस्ता-अपघात’ म्हणून होते. चालकाचा ताबा सुटला, रस्ता खराब होता, एवढ्यावर कारणमीमांसा संपते. सरकार मदत जाहीर करते आणि प्रकरण मिटते.

आमचा आक्षेप या नोंदीलाच आहे. मालावर बसलेला मजूर हौसेचा प्रवासी नसतो. त्याच्यासाठी वेगळ्या वाहनाचा खर्च करायचा नाही, असे कोणीतरी ठरवलेले असते. माल उंच रचला की गाडीचा तोल नाजूक होतो. खचलेल्या साइडपट्टीवर एक चाक उतरले तरी ती कलंडते, आणि वर बसलेली माणसे मालाखाली गाडली जातात. हे व्यापारी व ठेकेदार जाणून असतात. वाचलेले भाडे त्यांच्या खिशात जाते, धोका मात्र मजुराच्या वाट्याला येतो.

कामातून व कामाच्या ओघात झालेल्या इजेची भरपाई मालकाने द्यावी, हे तत्त्व या देशात १९२३ च्या कायद्यापासून मान्य आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने घर ते काम या प्रवासातील अपघातही त्यात धरला. अट एवढीच की, त्याचा कामाशी संबंध सिद्ध व्हावा. खरी मेख येथेच आहे. मुकादमामार्फत आलेल्या मजुराचे ना हजेरीपत्रक असते, ना वेतनचिठ्ठी. व्यापारी मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम चालकाकडे. मालगाडीत प्रवासी बसवले होते, असे सांगून विमा कंपनी हात झटकते. मदत ही कृपा असते, भरपाई हा हक्क. कंबर मोडून जन्माचा अंथरुणाला खिळलेल्या मजुराच्या दारी तर कृपाही क्वचितच पोहोचते.

म्हणून गावोगावच्या साथींनी केवळ सांत्वनाला जाऊन थांबू नये. टोळीत कोण होते, माल कोणाचा होता, उचल कोणी दिली, याचे जबाब पहिल्या आठवड्यातच लिहून घ्यावेत. पुढे साक्षीदार पांगतात. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, मजुरीचा दर ठरतो त्याच बैठकीत ने-आण कशातून होणार हेही ठरवून घ्यावे. मालाच्या ढिगावर बसून आम्ही येणार नाही, हे एकट्या मजुराला म्हणता येत नाही; साऱ्या टोळीला म्हणता येते.