संशय विमानाने, खुलासा बैलगाडीने



क्लेटनमध्ये चार मराठी डोकी जमली आणि दहशतवादाचा विषय निघाला, की एक वाक्य हमखास ऐकू येते: "केंद्राने आणि राज्याच्या पोलिसांनी सगळी माहिती एकमेकांना द्यावी. आपल्याला लपवायचे काय आहे?" २६/११ नंतर तर हे वेदवाक्यच झाले आहे.

पण २६/११ काय सांगते? समुद्रमार्गाने हल्ला होऊ शकतो, ताज आणि ओबेरॉय लक्ष्य आहेत, असे इशारे केंद्राकडून महाराष्ट्राकडे आधीच आले होते. तरी १६६ माणसे मेली. हे इशारे नीट हाताळले गेले नाहीत, असे राम प्रधान समितीने २००९ मध्ये दाखवून दिले. म्हणजे कागद पोचला होता. तो हातात पडल्यावर काय करायचे याची जबाबदारी कोणी घेतली नव्हती.

आता "लपवायचे काय" म्हणणाऱ्यांनी डॉ. मोहम्मद हनीफ आठवावेत. तेही आपल्यासारखेच, कामाच्या व्हिसावर इथे आलेले भारतीय. २ जुलै २००७ रोजी त्यांना ब्रिस्बेन विमानतळावर पकडले आणि आरोप न ठेवता बारा दिवस डांबले. कारण काय, तर इंग्लंड सोडताना त्यांनी आपले सिमकार्ड नात्यातल्या एकाला दिले होते. ते ग्लासगोच्या जळत्या जीपमध्ये सापडले, असे कोर्टात सांगण्यात आले. प्रत्यक्षात ते लिव्हरपूलला, त्या नातेवाईकाकडे होते.

माहितीची देवाणघेवाण इथे कमी पडली नाही. ब्रिटिश पोलीस, ऑस्ट्रेलियाचे केंद्रीय पोलीस, क्वीन्सलंडचे पोलीस, सगळे एकमेकांशी बोलत होते. आणि हनीफ यांचा कटाशी संबंध असल्याची माहिती आपल्याकडे नाही, असे गुप्तचर संस्था एझिओने ११ जुलैलाच सरकारला कळवले होते. तरी १४ तारखेला आरोप लागला आणि १६ तारखेला, जामीन मिळाल्या दिवशीच, व्हिसा रद्द झाला! पुढे क्लार्क चौकशीत हनीफ निर्दोष ठरले.

मालेगावात याहून वाईट झाले. २००६ च्या स्फोटांसाठी राज्याच्या एटीएसने नऊ मुस्लिमांना पकडले. २०१३ मध्ये केंद्राच्या एनआयएने वेगळ्याच लोकांवर आरोपपत्र ठेवले. तरीही त्या नऊंपैकी हयात असलेल्यांना आरोपमुक्त व्हायला २०१६ उजाडले. नाशिक जिल्ह्यातल्या कुटुंबांची दहा वर्षे कोण परत देणार?

तेव्हा माहिती वाटण्याला आमचा विरोध नाही. अट आहे. प्रत्येक माहितीसोबत ती कुठून आली आणि कितपत पक्की आहे, हे लिहिलेले हवे. ती मिळाल्यावर काय केले, याला एक जबाबदार अधिकारी हवा. आणि माहिती खोटी ठरली, तर ती जिथे जिथे गेली त्या प्रत्येक टेबलावर दुरुस्ती पोचलीच पाहिजे, तीही कायद्याने. क्लार्क यांच्या शिफारशीनंतर २०१० मध्ये इथे स्वतंत्र परीक्षक नेमण्याचा कायदा झाला, पण तो परीक्षक कायदे तपासतो, एखाद्याच्या फायलीतली चूक नव्हे.

यापैकी एकही अट दहशतवाद्याच्या फायद्याची नाही. खोट्या धाग्यामागे धावणारे पोलीस खऱ्या धाग्यापर्यंत उशिराच पोचतात. आपल्या खासदाराला पत्र लिहाल तेव्हा "जास्त माहिती वाटा" एवढेच लिहू नका. खुलासाही तितक्याच वेगाने धाडा, हेही लिहा. आपणही इथे परकीय नावांचेच लोक आहोत.