निकाल आणि उत्तरपत्रिका

आमच्या निफाड तालुक्यातली ओझर आणि पिंपळगाव बसवंत ही दोन गावं निफाडपेक्षा कितीतरी मोठी. तरी वर्षानुवर्षं तिथे ग्रामपंचायतच होती. अलीकडे त्यांना नगर परिषदा मिळाल्या आणि त्यांची पहिली निवडणूक २०२५ च्या डिसेंबरात झाली. मतदान २ तारखेला झालं. मोजणी दुसऱ्याच दिवशी व्हायची होती. पण राज्यात काही ठिकाणचं मतदान २० डिसेंबरवर गेलं. एका गावचा निकाल कळला की त्याचा परिणाम दुसऱ्या गावच्या मतदानावर होणार, म्हणून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सगळ्यांचीच मोजणी २१ डिसेंबरला करायला सांगितलं. म्हणजे एकोणीस दिवस मतदान यंत्रं कुलपात होती आणि उमेदवारांचा जीव टांगणीला!

त्या दिवशी मी सकाळपासून टीव्हीसमोर बसलो होतो. पडद्यावर रंगीत रकाने होते. या पक्षाचे नगराध्यक्ष इतके, त्या पक्षाचे तितके. कोण पुढे, कोण मागे, कुणाला धक्का, कुणाचा बालेकिल्ला शाबूत. ओझर-पिंपळगावची नावं खालच्या पट्टीवर आली आणि सरकली. कुठल्या प्रभागात लोकांनी काय म्हटलं, ते का म्हटलं, यावर दिवसभरात एक अक्षर नाही. छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यामुळे मला सवय आहे ती अशी : शाळेचा निकाल अमुक टक्के लागला हे हेडमास्तरांनी फळ्यावर लिहावं, पण मास्तरांनी मात्र मुलाची उत्तरपत्रिका उघडून बघावी. कुठला प्रश्न सोडला, कुठे गडबडला, कुठे कॉपी केली. टक्केवारीवरून मूल कळत नाही, तसं आकड्यांवरून गाव कळत नाही.

हे बघताना आमच्या स्वतःच्या निकालाची आठवण झाली. आम्ही तर ओझरकरांपेक्षा जास्त वाट पाहिली होती.

तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती करायच्या असं सरकारने ठरवलं, त्यात २०१५ साली निफाडचीही झाली. प्रभाग सतरा, नगरसेवक सतरा. दुसरी निवडणूक करोनामुळे लांबली आणि २१ डिसेंबर २०२१ ला लागली. त्याआधी दोन आठवडे सर्वोच्च न्यायालयाने इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाला स्थगिती दिली. त्या जागांवरची निवडणूक थांबली. नंतर त्या जागा सर्वसाधारण झाल्या, नव्याने अर्ज भरले गेले आणि १८ जानेवारी २०२२ ला त्यांचं मतदान झालं. सगळ्यांची मोजणी १९ जानेवारीला. म्हणजे ज्यांनी डिसेंबरात बटण दाबलं त्यांचं मत एकोणतीस दिवस पेटीत बंद!

योगायोग पाहा. १८ जानेवारी हा न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्मदिवस. १८४२ साली ते आमच्या निफाडलाच जन्मले. त्या दिवशी त्यांच्या जन्माला बरोबर एकशे ऐंशी वर्षं झाली होती. इंग्लंडमधला स्थानिक कारभार आणि हिंदुस्थानातला स्थानिक कारभार यांची तुलना करणारा त्यांचा एक निबंध आहे. गावच्या लोकांनी गावचा कारभार आपणहून चालवायला शिकावं, ही त्या पिढीची तळमळ. आणि नेमक्या त्याच दिवशी त्यांच्या जन्मगावचे लोक कानटोप्या-मफलर घालून रांगेत उभे होते. निफाडची जानेवारीतली थंडी म्हणजे काय ते महाराष्ट्राला वर्तमानपत्रातून माहीत आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा उतरला की आमचं गाव पहिल्या पानावर येतं. एरवी येत नाही!

आमचा प्रभाग त्या थांबलेल्यांपैकी एक. आता जे सांगणार आहे ते सांगायला मला चार वर्षं लागली.

राखीव जागेवर माझा एक जुना विद्यार्थी उभा राहणार होता. नाव सांगत नाही. घरची परिस्थिती बेताची, पण मुलगा कामाचा. कुणाचा दाखला अडला, कुणाच्या म्हातारीला नाशिकला सिव्हिलला न्यायचं आहे, की हा हजर. प्रभागात कुठली गटार कुठे तुंबते ते त्याला तोंडपाठ. जागा राखीव होती म्हणून त्याने धाडस केलं होतं. मग ती खुली झाली. अधिक ओळखीपाळखीचा, वर वजन असलेला दुसरा उमेदवार आला. तोही माझाच विद्यार्थी! तोही वाईट नव्हे, हे आधीच सांगून टाकतो.

संक्रांत मतदानाच्या चार दिवस आधी. दोघंही तिळगूळ घेऊन आले. दोघंही पाया पडले. दोघांनाही मी "यशस्वी हो" म्हटलं. दोघांनाही "आमच्या घरची मतं तुझीच" असं सुचवणारं काहीतरी गोड बोललो. सणच तो गोड बोलण्याचा! पण खरं सांगायचं तर गावात हा सण बारा महिने चालतो. प्रत्येक जण प्रत्येक उमेदवाराला हो म्हणतो. उमेदवाराने मिळालेले होकार मोजले तर प्रभागात मतदार नसतील इतके भरतात.

मतदानाच्या खोलीत मी उभा राहिलो. बोट पहिल्याच्या चिन्हाकडे गेलं आणि थांबलं. मनात आलं, हा बिचारा चांगला आहे, पण याचं वर कोण ऐकणार? निधी कोण आणणार? दुसऱ्याच्या शब्दाला वजन आहे, आपल्या गल्लीतली पाइपलाइन तरी होईल. आणि मी दुसऱ्याचं बटण दाबलं. मुलांना पस्तीस-छत्तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलेल्या माणसाने इतका साधा हिशेब केला.

पहिला थोडक्या मतांनी पडला.

१९ तारखेला गुलाल उधळला, फटाके वाजले. संध्याकाळी तो आला. दारातच उभा राहिला, आत ये म्हटलं तेव्हा आला. चहा घेतला नाही. म्हणाला, "सर, मी कुठे कमी पडलो?"

हा प्रश्न मी आयुष्यभर ऐकला आहे. दहावीत गेलेला मुलगा, त्याचा बाप, सगळे हेच विचारतात आणि मी त्यांना उत्तर देत आलो. भूमितीत प्रमेय लिहिलंस, सिद्धता लिहिली नाहीस. निबंधात विषय सोडलास. त्या दिवशी मात्र माझ्याकडे उत्तर असून मी दिलं नाही. म्हणालो, "अरे, नशीब असतं. पुढच्या वेळी बघू." चुकीचा शेरा मारून उत्तरपत्रिका परत केली.

आता त्या निकालाचं पुढे काय झालं ते बघा. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात पक्षनिहाय आकडे आले. शिवसेना इतक्या, राष्ट्रवादी इतक्या, काँग्रेस इतक्या. पाचच महिन्यांत, जून २०२२ मध्ये, शिवसेना दुभंगली. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी दुभंगली. ज्या नावांखाली ते आकडे लिहिले होते त्या नावांचेच दोन-दोन तुकडे झाले. आता तो तक्ता कुणी कसा वाचायचा? गावाने जानेवारीत जे काही म्हटलं होतं ते पाणी, गटार, रस्ता, स्वभाव, जात, नातं, राग, उपकार या सगळ्यांचं मिश्रण होतं. मुंबईत त्याचा हिशेब पक्षाच्या खात्यावर लिहिला गेला, आणि पुढे ती खातीच बदलली.

ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. नगरपंचायतीची होते. त्यात काही वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण गाव नगरपंचायत झालं तेव्हा आणखी एक गोष्ट गेली, तिच्याबद्दल कुणी बोललं नाही. ग्रामसभा गेली. ग्रामपंचायतीला वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. त्या नीट होत नाहीत, गणसंख्या भरत नाही, भांडणं होतात, सगळं मान्य. तरी एखादी म्हातारी उठून "माझ्या दारातलं पाणी कधी काढणार?" असं सरपंचाला सगळ्यांदेखत विचारू शकते. नगरपंचायतीच्या सभेत बोलतात ते नगरसेवक. प्रभाग समित्यांची घटनेतली सक्ती तीन लाखांहून मोठ्या शहरांना. आमच्यासारख्यांना नाही. म्हणजे गावाला पाच वर्षांत बोलायची हक्काची संधी एकच, मतदानाची. म्हणून तर तो निकाल अक्षर न् अक्षर वाचला पाहिजे, आणि नेमका तोच आपण गुलालात पुसून टाकतो.

नगराध्यक्षाचंही तेच. २०१६ साली ठरलं, लोकांनी थेट निवडायचा. २०२० मध्ये ठरलं, नगरसेवकांनी निवडायचा. २०२२ मध्ये पुन्हा थेट. आमचा सतरा जणांनी निवडला, ओझर-पिंपळगावकरांनी आपला स्वतः निवडला. इतर मागासवर्गीयांचं आरक्षणही २०२५ च्या निवडणुकीत परत आलं. माझ्या विद्यार्थ्याच्या वाट्याला नेमकी तेव्हाची मधली फट आली. पेपर लिहून होत आला असताना प्रश्नपत्रिका बदलावी तसं झालं. नियम करणाऱ्यांची कारणं असतील, न्यायालयाचीही होती. पण त्याने विचारलं, "मी कुठे कमी पडलो?" तेव्हा निम्मं उत्तर हेच होतं, की तू कमी पडला नाहीस, मध्येच परीक्षा बदलली. हेसुद्धा मी त्याला सांगितलं नाही.

ओझर-पिंपळगावचा निकाल लागला त्या संध्याकाळी तो सहज आला होता. आता त्याचं दुकान बरं चाललं आहे. बातम्या चालू होत्या. मला राहवलं नाही. टीव्ही बंद केला आणि म्हटलं, "तुला एक सांगायचं राहून गेलंय. बावीस साली माझं मत तुला नव्हतं." का नव्हतं तेही सांगितलं. पाइपलाइनचंसुद्धा.

तो थोडा वेळ गप्प राहिला. चिडला असता तर बरं वाटलं असतं. मग म्हणाला, "सर, मला वाटत होतं मी जातीमुळे पडलो. चार वर्षं तेच डोक्यात होतं. कुणाकडे बघितलं तरी तेच वाटायचं."

हे ऐकून मला घाम फुटला. माझ्या एका गोड बोलण्याने त्याच्या मनात अख्ख्या गल्लीबद्दल चार वर्षं संशय राहिला. कदाचित काहींची मतं त्या कारणाने गेलीही असतील. मी कोण नाही म्हणणार? पण निदान एकाचं कारण वेगळं होतं, आणि ते ऐकायचा त्याला हक्क होता.

गुप्त मतदान असावंच. ते नसतं तर आमच्यासारख्या गावात दुबळ्याला श्वास घेता आला नसता. कुणाला मत दिलं हे कुणी कुणाला सांगायची गरज नाही. पण का दिलं, गाव कशावर नाराज आहे, हे तर मोकळेपणाने बोलता येईल? निकालानंतर आठवड्याभराने प्रभागातल्या मारुतीच्या पारावर किंवा शाळेच्या पटांगणात जिंकलेल्याने आणि हरलेल्यांनी एकत्र बसावं. आकडे वाचावेत. किती जण आलेच नाहीत, किती जणांनी नोटा दाबलं, तेही वाचावं. लोकांना विचारावं, आम्ही कुठे कमी पडलो? जिंकलेल्यानेही विचारावं, कारण त्याच्या विरोधात पडलेल्या मतांचाही तोच नगरसेवक आहे. याला कायदा लागत नाही, निधी लागत नाही, सतरंजी लागते.

आमच्या नगरपंचायतीची पाच वर्षं २०२७ च्या सुरुवातीला पूर्ण होतात. निवडणूक वेळेवर झाली तर थंडीचेच दिवस असतील आणि संक्रांतही जवळच असेल. उमेदवार तिळगूळ घेऊन येतील. तिळगूळ घेईन. पण या वेळी मत देण्याचा शब्द कुणालाच देणार नाही, आणि माझ्या मनात काय अडतंय ते मात्र प्रत्येकाला तोंडावर सांगेन. वय झालं आहे, आता आणखी चार वर्षं थांबणं परवडणारं नाही.

राहता राहिली पाइपलाइन. ती झाली. पाणी एक दिवसाआड येतं.