होळकरांची ड्यूझेनबर्ग आणि नानांची डुक्कर फियाट

शुक्रवार, संध्याकाळचे साडेसहा. बॉसचा 'दोनच मिनिटांचा' कॉल पस्तिसाव्या मिनिटात शिरलेला, आणि मोबाइलवर मामा. पिंपळगाव बसवंतहून मामांचा फोन म्हणजे एकतर द्राक्षांची पेटी निघाली, नाहीतर कुणाचं तरी लग्न ठरलं. या वेळी तिसरंच निघालं.

"रविवारी पार्टी येतेय, फियाट बघायला. देऊन टाकतो म्हटलं. क्रेट ठेवायला शेडमध्ये जागाच नाही."

मी कॉल म्यूट करून ओरडलो, "मामा, थांबा! मी येतो."

फियाट म्हणजे नानांची, माझ्या आजोबांची. १९५८ची, इलेव्हन हंड्रेड. कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात तयार झालेली. गोलमटोल अंग, पुढे नाक काढलेलं, म्हणून सगळा महाराष्ट्र तिला 'डुक्कर फियाट' म्हणायचा. पुढची दारं उलटी उघडतात. नानांनी ती नाशिकच्या एका डॉक्टरांकडून जुनीच घेतली होती. ते गेले आणि गाडी शेडमध्ये गेली. तिच्यावर आधी ताडपत्री आली, मग ठिबकच्या नळ्या, मग कोंबडी.

आता गंमत बघा. ऑफिसात माझ्या कॉम्प्युटरचा वॉलपेपर काय, तर ड्यूझेनबर्ग एसजे! इंदूरच्या यशवंतराव होळकरांची. केशरी आणि काळी, लांबच लांब बोनेट, बाजूने बाहेर आलेले चकचकीत पाइप. क्यूबिकलमधून जाणारा प्रत्येक जण थांबतो आणि मी लेक्चर झोडतो. आज तुम्ही सापडलात.

फ्रेड आणि ऑगस्ट ड्यूझेनबर्ग हे जर्मनीत जन्मलेले, अमेरिकेत वाढलेले भाऊ. त्यांना मुळात रेसिंगचं वेड. १९२१ची फ्रेंच ग्रां प्री जिमी मर्फीने त्यांच्या गाडीत जिंकली. युरोपातली ग्रां प्री अमेरिकन गाडीने जिंकायची ती पहिलीच वेळ. इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत त्यांनी १९२४, १९२५ आणि १९२७ अशी तीनदा मारली. हेच रेसिंगचं रक्त १९२८ साली रस्त्यावरच्या 'मॉडेल जे'मध्ये उतरलं. एका रांगेत आठ सिलिंडर, ६.९ लिटरचं इंजिन, प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह. १९३२ साली त्याला सुपरचार्जर जोडून 'एसजे' आली. कंपनीचा दावा ३२० हॉर्सपॉवरचा! नानांच्या फियाटची ताकद चाळिसाच्या आसपास. १९३५ साली अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर एका खास एसजेने चोवीस तास ताशी १३५ मैलांची सरासरी राखली होती. चोवीस तास! आपल्याला ठाण्याहून घोडबंदर रोडला लागेपर्यंत चोवीस तास लागल्यासारखे वाटतात.

ड्यूझेनबर्ग कंपनी फक्त चासी आणि इंजिन द्यायची, बॉडी गिऱ्हाइकाने आपल्या पसंतीची बांधून घ्यायची. यशवंतरावांनी ती लंडनच्या गर्नी नटिंगकडून बांधून घेतली. माणूसच तसा शौकीन. जन्म १९०८चा, शिक्षण ऑक्सफर्डला. तिशीच्या आत इंदूरचा माणिकबाग राजवाडा एकार्ट मुथेसियस या जर्मन आर्किटेक्टकडून पार मॉडर्न बांधून घेतला. १९३७ साली ड्यूझेनबर्ग कंपनी बंद पडली. होळकरांची गाडी ही तिच्या शेवटच्या शेवटच्या गाड्यांपैकी एक.

पुढे १९४८ साली संस्थान विलीन झालं, १९६१ साली यशवंतराव गेले. माणिकबागेतलं फर्निचर १९८० साली मोनॅकोत लिलावात निघालं, राजवाड्यात अबकारी खात्याचं ऑफिस थाटलं. आणि ड्यूझेनबर्ग अमेरिकन संग्राहकांच्या हाती गेली. १९५०च्या आधीच्या गाड्या देशाबाहेर न्यायला आज निर्बंध आहेत, पण तोवर अशा कितीतरी गाड्या निघून गेल्या होत्या. तिचीच एक बहीण, गॅरी कूपर या नटाची, २०१८ साली लिलावात २ कोटी २० लाख डॉलरला गेली.

हे सगळं सांगून झालं की लेक्चरच्या शेवटी मी नेहमी एक उसासा टाकतो, "आपल्या लोकांना किंमतच नव्हती हो!"

शनिवारी पहाटे निघालो. तो मुंबई-आग्रा रस्ता. हाच रस्ता पुढे इंदूरला जातो. ओझरला विमानांचा कारखाना गेला, मग बागा सुरू झाल्या. पिंपळगावहून तीसेक किलोमीटर पुढे चांदवड, तिथे होळकरांचा रंगमहाल. म्हणजे माझ्या वॉलपेपरच्या मालकांचा वाडा माझ्या आजोळापासून अर्ध्या तासावर! छाती उगाच फुगली. त्याच फुगलेल्या छातीने मी मामांना सुनावलं, "वारसा आहे तो आपला. विकायचा कसा?"

मामांनी चहाची बशी खाली ठेवली. "बरं. मग तू नेतो का?"

ठाण्यात माझा वन बीएचके. पार्किंग एक, त्यात हप्त्यावरची हॅचबॅक. मी चहा पीत राहिलो.

"मागच्या खेपेला कधी बघितली होती तू ती?"

आठवेना. बहुतेक बारावीच्या सुट्टीत.

रविवारी पार्टी आली. मी मनात भंगारवाला धरून बसलो होतो. निघाला माझ्याच वयाचा, पुण्याचा, आयटीवाला, खिशात टॉर्च आणि कापडी हातमोजे. कोंबडीला हलकेच बाजूला केलं आणि गाडीखाली शिरला. पंधरा मिनिटांनी बाहेर आला तेव्हा त्याचे तीन प्रश्न होते. चासी नंबर आरसी बुकशी जुळतो का? इंजिन मूळचंच का? आणि कागदावर मालक कोण?

तिसऱ्या प्रश्नाला आम्ही सगळे एकदम बोललो. मामा म्हणाले, मी. मी म्हणालो, आमचं घर. फोनवर स्पीकरवर असलेली आई म्हणाली, नाना.

आईचंच बरोबर होतं. नानांना जाऊन एकोणीस वर्षं झाली, पण गाडी अजून त्यांच्याच नावावर. "मग मी घेऊच शकत नाही," तो पोरगा शांतपणे म्हणाला, "आणि तुम्ही विकूही शकत नाही." त्यानेच समजावून सांगितलं. मालक वारला की वारसाने फॉर्म ३१ भरून गाडी नावावर करून घ्यायची. बाकीच्या वारसांची, म्हणजे आई आणि मावशीची, ना-हरकत जोडायची. २०२१पासून पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून नोंदणीही मिळते. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं. रोजच्या वापराला मात्र नाही, रॅलीला, प्रदर्शनाला काढायची. जुनी नोंदणी असेल तर जुना नंबर ठेवता येतो.

जाताना त्याने उलटं दार हळूच उघडून लावलं. खट्ट! एवढ्या वर्षांनी बरोबर बसलं. "कागद झाले की कळवा. नाही विकली तरी कळवा. निदान टायरवरचा भार काढून ठेवा, खाली ठोकळे लावा."

मित्रहो, तेव्हा मला माझा उसासा आठवला. होळकरांची गाडी आज झळाळते, कारण ज्यांच्या हाती गेली त्यांनी तिचे नंबर, कागद, नट-बोल्ट जपले. आणि वारसा-वारसा करणाऱ्या मी काय जपलं? एक वॉलपेपर. किंमत नसलेले 'आपले लोक' म्हणजे कोण, ते त्या शेडमध्ये मला नीट कळलं.

फियाट अजून विकलेली नाही. विकणार नाही, असंही नाही. आई-मावशीच्या सह्या झाल्यात, मामांच्या नावावर अर्ज गेलाय. शेडमधले क्रेट मी शेजारच्या पडवीत हलवले, पत्र्यांचे पैसे मी दिले. महिन्यातून एक रविवार गाडीचा, असं ठरलंय. ठोकळे लागलेत. कोंबडीने जागा बदललीय. कागद हातात आले की त्या पुण्याच्या पोराला पहिला फोन करायचा. मग तो विकण्यासाठी असो की कार्ब्युरेटर उघडण्यासाठी.

निघताना मामांना म्हटलं, "पुढच्या महिन्यात येतो."

मामा हसले. "ये की. टोल तुझा तू भर, जेवण आमचं."