आरोग्यचिंतन : आतड्यातील मुद्दल

कांदा, लसूण व कंदमुळे वर्ज्य करणाऱ्या अनेक कुटुंबांत अलीकडे एक नवी शंका ऐकू येते. आतड्यातील उपकारक जीवाणूंचे पोषण कांदा-लसणाने उत्तम होते, असे आहारविषयक लेखांतून वारंवार सांगितले जाते. शहरात शिकणारी नातवंडे ते वाचतात आणि घरी येऊन विचारतात, की मग या घरातला आहार अपुरा आहे का? वडीलधाऱ्यांपाशी या प्रश्नाचे धार्मिक उत्तर असते. आरोग्याचे उत्तर बहुधा नसते. ते उत्तर देता येते आणि ते दिलासा देणारे आहे. मात्र ते शोधू गेले असता व्यापारी कुटुंबांच्या दिनक्रमातील एक दोषही उघड होतो. त्याकडे डोळेझाक करून चालणार नाही.

मानवी शरीरात वास करणाऱ्या जीवाणूंची संख्या इस्राएलमधील वाइझमन संस्थेच्या संशोधकांनी 2016 मध्ये नव्याने अजमावली. 70 किलो वजनाच्या पुरुषाच्या शरीरात सुमारे 38 लक्ष कोटी जीवाणू असतात आणि शरीराच्या स्वतःच्या पेशी सुमारे 30 लक्ष कोटी असतात, असा त्यांचा अंदाज आहे. या सर्व जीवाणूंचे वजन मात्र जेमतेम 200 ग्रॅम भरते. त्यांतील बहुतेकांचे वसतिस्थान मोठे आतडे होय.

अन्नातील जो तंतुमय भाग लहान आतड्यात पचत नाही, तो मोठ्या आतड्यात पोहोचतो आणि या जीवाणूंचा आहार बनतो. तो आंबवून ते ॲसिटेट, प्रोपियोनेट व ब्युटिरेट ही मेदाम्ले तयार करतात. यांपैकी ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन आहे. म्हणजे माणूस ज्या चोथ्याला निरुपयोगी समजतो, त्याच्यावर आतड्याचे अस्तर सुदृढ राहते. चोथा मिळाला नाही, तर काही जीवाणू आतड्याच्या आतील संरक्षक श्लेष्माचा थरच खाऊ लागतात, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसून आले आहे.

आता मूळ शंकेकडे वळावे. कांदा-लसणात इन्युलिन जातीचे तंतू असतात आणि जीवाणूंना ते प्रिय असतात, हे खरे. परंतु ते काही एकमेव खाद्य नव्हे. इन्युलिनच्याच कुळातील फ्रुक्टन गव्हातही असते. मूग, मटकी, चवळी, हरभरा, वाल या कडधान्यांत रॅफिनोज व स्टॅकिओज या शर्करा असतात. माणसाला त्या पचत नाहीत, जीवाणूंना मात्र सहज पचतात. कडधान्यांनी वायू होतो तो याच कारणाने. बटाट्याच्या जागी जैन स्वयंपाकघरांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या कच्च्या केळ्यात न पचणारा स्टार्च विपुल असतो. शिजवल्यावर त्यातील बराच भाग पचण्याजोगा होत असला, तरी काही अंश मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचतोच. तेव्हा कंदमुळांच्या त्यागामुळे आतड्यातील जीवाणू उपाशी राहतात, ही भीती निराधार आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये प्रसिद्ध केलेले भारतीय अन्नघटकांचे कोष्टक या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. 100 ग्रॅम अख्ख्या हरभऱ्यात सुमारे 25 ग्रॅम तंतू असतात, अख्ख्या मुगात सुमारे 17, मुगाच्या डाळीत 9 ते 10. बाजरी, गव्हाचे पीठ व नाचणी यांत सुमारे 11, ज्वारीत 10. मैदा आणि पांढरा तांदूळ यांत मात्र 3 ग्रॅमही नाहीत. प्रौढ व्यक्तीने दिवसाला किमान 25 ग्रॅम तंतू घ्यावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये सांगितले. 100 ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकऱ्या आणि 50 ग्रॅम अख्खे मूग एवढ्यानेच 18 ग्रॅमची भरती होते. उरलेले भाजी व फळे पुरवितात.

दोष आहे तो पेढीवरच्या दिवसात. सकाळी घाईघाईने चहाबरोबर खारी नाहीतर टोस्ट, अकराला पुन्हा गोड चहा, दुपारी डब्यातील दोन घास गिऱ्हाइकांच्या गर्दीत, संध्याकाळी गल्ल्यामागे बसून फरसाण, आणि दुकान वाढवून घरी आल्यावर रात्री दहाला पोटभर जेवण. या दिवसभरात मैदा, साखर व तळण भरपूर असते, अख्खे धान्य नावापुरते. त्यातच बैठे काम. पंचमी, अष्टमी, चतुर्दशीला हिरवी भाजी वर्ज्य असते, त्या दिवशी तर ताटातील भाजीची जागा शेव व पापड घेतात. नियम अक्षरशः पाळला जातो, पण आहार निकृष्ट होतो. त्या दिवशी भाजीची जागा अख्खे मूग, मटकी वा हरभरा यांनी घेतली, तर नियम पाळूनही जीवाणूंना खाद्य मिळेल. मोड आलेली कडधान्ये अनंतकाय मानून वर्ज्य करणाऱ्यांनी केवळ भिजवून शिजवलेली वापरावीत. त्यांतील तंतू तेवढेच उपयुक्त असतात.

या निष्काळजीपणाची किंमत एका पिढीपुरती असेल, असेही नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात जस्टिन सोनेनबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग विचार करायला लावणारा आहे. मानवी जीवाणू ज्यांच्या आतड्यात रुजविले होते, अशा उंदरांना पिढ्यान्‌पिढ्या अत्यल्प तंतूंचा आहार देण्यात आला. पहिल्या पिढीत जीवाणूंची विविधता घटली. तंतू पुन्हा दिल्यावर ती बरीचशी भरून आली. परंतु पुढच्या प्रत्येक पिढीत अधिकाधिक जाती नाहीशा होत गेल्या. चौथ्या पिढीत केवळ आहार सुधारून त्या परत आल्या नाहीत. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मान्य करूनही व्यापाऱ्याला यातील हिशेब लगेच उमगावा. व्याज खर्च झाले तर पुढच्या हंगामात भरून निघते. मुद्दलच संपले, तर वारसाच्या हाती रिकामी खतावणी येते. मूल आपले पहिले जीवाणू बहुतांशी आईकडून घेते, म्हणून घरातील सुनेच्या व लेकीच्या ताटाकडे विशेष लक्ष असावे. सर्वांना वाढून झाल्यावर उरेल ते तिने खावे, ही रीत या हिशेबात फार महाग पडते.

जेवणाच्या वेळेचाही संबंध येथे आहे. आतड्यातील जीवाणूंची संख्या व कार्य दिवस-रात्रीच्या तालावर बदलते आणि खाण्याच्या वेळा विस्कळीत झाल्या की हा ताल मोडतो, असे वाइझमन संस्थेतीलच संशोधकांनी 2014 मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले. माणसाच्या शरीराची साखर हाताळण्याची क्षमताही सकाळपेक्षा रात्री कमी असते. चौविहाराचे व्रत जीवदयेसाठी आहे, पचनासाठी नव्हे. धर्माला विज्ञानाच्या प्रमाणपत्राची गरज नाही. तरीही चातुर्मासात चौविहार पाळणारा गृहस्थ कार्तिकी पौर्णिमेनंतर पुन्हा रात्री दहाच्या जेवणाकडे वळतो, तेव्हा तो व्रताबरोबर आरोग्याचा एक लाभही सोडून देतो. दुकान लवकर बंद करणे सर्वांना शक्य नसते. सूर्यास्तापूर्वी घरून आलेला डबा पेढीवरच खाणे पुष्कळांना शक्य असते.

सर्वांत गंभीर बाब प्रतिजैविकांची, म्हणजे अँटिबायोटिक औषधांची आहे. सर्दी-पडसे बहुधा विषाणूंमुळे होते आणि त्यावर या गोळ्यांचा उपयोग नसतो. तरीही ओळखीच्या औषध दुकानातून दोन-तीन दिवसांच्या गोळ्या परस्पर आणण्याची सवय घरोघरी दिसते. डेन्मार्कमधील संशोधकांनी 12 निरोगी पुरुषांना 4 दिवस तीव्र प्रतिजैविके देऊन त्यांचे निरीक्षण केले. सुमारे दीड महिन्यात बहुतांश जीवाणू परतले. पण आधी सर्वांमध्ये असलेल्या 9 जाती 180 दिवसांनंतरही बहुतेकांत सापडल्या नाहीत. हा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. नळाला गळणे बांधून पाण्यातील जीवांची जयणा करणाऱ्या घराने विनाकारण घेतलेल्या गोळीने आपल्याच उदरात किती संहार होतो, याचा विचार करावा. डॉक्टरांनी तपासून दिलेले औषध मात्र त्यांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत अवश्य घ्यावे. प्राणरक्षणासाठी ते आवश्यक असते. ज्या पाकिटावर उभी लाल रेषा आहे, ते औषध चिठ्ठीविना घेऊ नये, असे आवाहन केंद्र सरकारने 2016 पासून केले आहे.

यावर उपाय म्हणून जीवाणूंच्या कॅप्सूल सध्या जोमाने विकल्या जातात. पचनाच्या बहुतेक विकारांत त्या सरसकट घेण्याची शिफारस अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2020 च्या मार्गदर्शिकेत केलेली नाही. शिवाय पुष्कळ कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेले असते. डॉक्टरांनी त्या दिल्याच, तर वनस्पतिजन्य कवचाविषयी विचारावे. ताजे दही उपयुक्त आहे, पण त्यातील जीवाणू आतड्यात बहुधा पाहुण्यासारखे येऊन जातात. कालमर्यादा व द्विदलाचा नियम सांभाळून ते रोज थोडे घेता येते. इसबगोल बद्धकोष्ठावर गुणकारी आहे. परंतु जीवाणू तो फारसा आंबवू शकत नाहीत, म्हणून तो कडधान्यांची जागा घेऊ शकत नाही.

बदल सावकाश करावा. एकदम भरपूर कडधान्य खाल्ल्यास पोट फुगते आणि उत्साह मावळतो. पहिल्या आठवड्यात दिवसाआड एक वाटी, पुढे रोज, अशी वाढ ठेवावी. कडधान्य भिजवलेले पाणी टाकून दिल्यास वायू कमी होतो. तंतू वाढवताना पाणीही वाढवावे. मधुमेह वा आतड्याचा जुना विकार असलेल्यांनी आहारात मोठा बदल किंवा तप करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आयंबिलाच्या ओळीत सहाही विगई सोडून उकडलेले धान्य व कडधान्य दिवसातून एकदा घेतले जाते. चैत्र व आश्विनातील त्या नऊ दिवसांत अनेक घरांतील आहार अजाणता तंतूंनी समृद्ध होतो. दहाव्या दिवशी पारणे होते, सोसलेल्या संयमाचे कौतुक होते आणि सायंकाळपर्यंत ताटात तळण व मिठाई परत येते. तपाच्या त्या दिवसांतील मूग आणि हरभरा, थोडे तूप-मीठ घालून का होईना, वर्षभराच्या ताटात राहू द्यावा. स्वामीवात्सल्याच्या पंक्तीतही मिठाईचे दोन प्रकार कमी करून एक कडधान्याची भाजी व ज्वारी-बाजरीची भाकरी वाढावी. ज्या संघाने हे एकदा केले, तेथील मुले भाकरीला गरिबाचे अन्न समजणार नाहीत. आणि घरातील थाळीत पुढे काय टिकणार, हे अखेर त्या मुलांच्याच आवडीवर अवलंबून आहे.