दुकान टिकले तर विद्या टिकेल

प्रवासाहून परतलेल्या माणसाची पिशवी उघडली की तो कोठे जाऊन आला हे सांगावे लागत नसे, असा एक काळ होता. पंढरपूरच्या पिशवीत चुरमुरे, कुंकू आणि बुक्का असे. कोल्हापूरच्या पिशवीत गुळाची ढेप आणि कागदात गुंडाळलेले पायताण निघे. सावंतवाडीहून आलेल्या पाहुण्याने मुलींसाठी लाकडी भातुकली आणलेली असे. आज महामार्गावरील चकचकीत थांब्यांवर आणि शहरोशहरीच्या मॉलमध्ये सर्वत्र तोच माल, तेच वेष्टन आणि तीच छापील किंमत मिळते. प्रवासाची अंतरे वाढली, वाहने वाढली, छायाचित्रे तर अगणित वाढली. मात्र परतीच्या पिशवीतून प्रदेश हरवला. ही केवळ स्मरणरंजनाची बाब आहे असे मानून सोडून देता येणार नाही. ज्या दुकानांतून त्या वस्तू येत, ती दुकाने म्हणजे त्या त्या गावच्या विद्येची शाळा होती. शाळेत विद्यार्थी येईनासा झाला की गुरुजींनी कितीही ठरवले तरी शाळा चालत नाही.

दक्षिण महाराष्ट्रातून कोकणात उतरणारा एक लहानसा मार्ग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. मिरज, कोल्हापूर आणि आंबोली घाट उतरून सावंतवाडी. सारे अंतर मिळून दोनशे किलोमीटरांच्या आत. एवढ्या टापूत तीन अगदी वेगळ्या विद्यांची दुकाने आजही उघडी आहेत आणि तिन्ही ठिकाणी एक समान गोष्ट अनुभवास येते. मॉलमध्ये ग्राहकाला कोणी काही विचारत नाही. वस्तू उचलावी, पैसे द्यावे, बाहेर पडावे. या दुकानांत मात्र वस्तू दाखविण्याआधी दुकानदारच ग्राहकाला प्रश्न विचारतो.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तानपुरा घ्यायला गेलेल्या माणसाला पहिला प्रश्न येतो, ‘‘गाणार कोण? पट्टी कोणती?’’ पुरुषाच्या आवाजाचा तानपुरा वेगळा, स्त्रीच्या आवाजाचा वेगळा. भोपळ्याचा घेर, दांडीची लांबी आणि तारांची जाडी गाणाऱ्याच्या स्वरावरून ठरते. पंढरपूरच्या परिसरातून येणारा कडू भोपळा वाळवून, कापून, आकार देऊन तुणीच्या लाकडाच्या दांडीला जोडला जातो. सर्वांत नाजूक काम जवारीचे. घोडीच्या पृष्ठभागाला कानसेने असा काही सूक्ष्म उतार दिला जातो की तार छेडताच स्वराभोवती स्वरांचे वलय उमटते. हे मोजपट्टीने होत नाही. कारागिराचा कान तयार असावा लागतो आणि तो तयार होण्यास वर्षे लागतात.

या गल्लीचा इतिहासही विचार करायला लावणारा आहे. येथील मूळ कारागीर शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे. इंग्रजी अंमल स्थिरावला आणि तलवारीला मागणी उरली नाही. तेव्हा, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, फरीदसाहेब या शिकलगाराने तंतुवाद्ये घडविण्यास प्रारंभ केला. मिरज संस्थानच्या पटवर्धन अधिपतींचा आश्रय लाभला. पुढे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विष्णु दिगंबर पलुसकर याच मिरजेत गाणे शिकले, अब्दुल करीम खाँसाहेब येथे स्थायिक झाले. गायकाला वाद्य हवे होते आणि वाद्यकाराला जाणता कान हवा होता. एकमेकांच्या आधारानेच गावाचे नाव देशभर गेले. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाचीच वार्ता होय. पण खिशातल्या मोबाइलमधून आणि इलेक्ट्रॉनिक पेटीतून तानपुऱ्याचा स्वर फुकटात किंवा स्वस्तात मिळू लागल्यावर, नव्या विद्यार्थ्याने मिरजेची वाट का धरावी, या प्रश्नाचे उत्तर मानांकनाच्या प्रमाणपत्रात नाही.

मिरजेहून कोल्हापूर सुमारे पन्नास किलोमीटर. अंबाबाईचे दर्शन घेऊन बाहेर पडलेला यात्रेकरू भवानी मंडपाजवळच्या चप्पल लाईनीत सहज पोहोचतो. तेथे जुन्या पठडीतल्या दुकानात पायरी चढताच शब्द येतात, ‘‘पाय ठेवा हितं, पावणं.’’ कोणते पायताण हवे हे नंतर. आधी पाय बघायचा. कापशी, पुकारी, कुरुंदवाडी असे प्रकार आहेत. तळ, कान, पट्टे, अंगठा आणि वेणी असे भाग आहेत. खरे कोल्हापुरी पायताण खिळ्याने ठोकलेले नसते, ते चामड्याच्याच वादीने शिवलेले असते. कातडे कमावण्यासाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरायचा, ही पद्धत पिढ्यानपिढ्या ढोर समाजाने जपली. घडविण्याचे कसब चर्मकार समाजाने जपले. आणि वेणी विणण्याचे, शिवणीचे बारीक काम घरातील स्त्रियांच्या हातांनी होत आले. त्या स्त्रियांची नावे कोणत्याही पाटीवर नसतात.

याच पायताणाने 2025 च्या जूनमध्ये जगभर चर्चा घडविली. मिलानमधील प्रदर्शनात प्राडा या इटालियन कंपनीने हुबेहूब कोल्हापुरी धाटणीच्या चपला सादर केल्या आणि त्यांचे वर्णन केवळ ‘चामड्याच्या सँडल’ असे केले. महाराष्ट्रात संतापाची लाट उसळली. कंपनीने या रचनेमागील भारतीय परंपरेची प्रेरणा मान्य केली. त्याविरुद्धची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये फेटाळली. मानांकनाचे नोंदणीकृत मालक स्वत: दाद मागू शकतात, असा न्यायालयाचा रोख होता. डिसेंबर 2025 मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार करून सुमारे दोन हजार जोड भारतात बनविण्याची आणि ते प्रत्येकी सुमारे आठशे युरोला विकण्याची घोषणा कंपनीने केली.

या प्रकरणाचा शेवट गोड झाला असे म्हणून थांबणे सोयीचे असले तरी प्रामाणिकपणाचे नाही. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये मिळालेले मानांकन महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांना लागू आहे. 1999 च्या कायद्याने त्या नावाला संरक्षण दिले. नाव न घेता रूप उचलले तर हा कायदा तोकडा पडतो, हे या प्रकरणाने दाखवून दिले. पण त्याहून बोचरा प्रश्न समाजाला स्वत:लाच विचारावा लागेल. मिलानच्या मंचावर चप्पल दिसताच ज्यांचा स्वाभिमान जागा झाला, त्यांच्यापैकी किती जणांच्या पायांत त्या दिवशी कोल्हापुरी होती? आठशे युरोच्या बातमीने अचंबित होणारा प्रवासी चप्पल लाईनीत मात्र कारागिराने सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यापासून बोलणी सुरू करतो. तोच माणूस मॉलमध्ये छापील किमतीपुढे एक शब्द काढत नाही. घासाघीस ही आपल्या बाजाराची जुनी रीत आहे हे खरे. परंतु ती रीत नेमकी हाताने काम करणाऱ्यापुढेच का आठवावी?

कोल्हापूरनेच याचे उत्तर शंभर वर्षांपूर्वी देऊन ठेवले आहे. राजवाड्याच्या पागेत काम करणाऱ्या गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मारहाण झाली. राजर्षी शाहू महाराजांनी दोषींना शासन केले आणि गंगाराम यांना स्वत:चे चहाचे हॉटेल काढण्यास साहाय्य केले. परंतु अस्पृश्याच्या हातचा चहा घेणार कोण? महाराज स्वत: तेथे आपली गाडी थांबवून चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही घेण्यास लावू लागले. महाराजांना केवळ अनुदान देऊन मोकळे होता आले असते. त्यांनी ग्राहक होणे पसंत केले. दान देणारा वरच्या पायरीवर उभा असतो. ग्राहक आणि दुकानदार एका पातळीवर उभे असतात. ज्या समाजाने पायताण घडविणाऱ्या हातांना दीर्घकाळ उंबऱ्याबाहेर ठेवले, त्या समाजासाठी हा धडा आजही ताजा आहे. कारागिराला दया नको, योग्य मूल्य देणारे गिऱ्हाईक हवे.

कोल्हापूर सोडून आजरामार्गे आंबोलीचा घाट उतरला की हवा बदलते, माती तांबडी होते आणि मोती तलावाच्या काठी सावंतवाडी लागते. येथील चितारआळीत लाकडी फळे, भाज्या, बैलगाड्या, पाट आणि देव्हारे मांडलेली दुकाने आहेत. तलावाशेजारच्या राजवाड्यात गंजिफा रंगविण्याचे काम चालते. गंजिफा म्हणजे हाताने रंगविलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफेत मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांचे दहा रंग. प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शापर्यंत मिळून बारा पाने. असे एकशेवीस पत्ते. ही कला जवळपास लोप पावलेली असताना शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी जुन्या चिताऱ्यांकडून ती समजून घेतली आणि 1970 च्या दशकात तिला राजवाड्यातच नवे घर दिले. संस्थाने गेली, तनखे गेले, तरीही आश्रयदात्याचे कर्तव्य या दांपत्याने सोडले नाही.

गंजिफेचा संच हाती घेणाऱ्यालाही तेथे प्रश्न येऊ शकतो, ‘‘खेळूक येता काय?’’ बहुतेकांचे उत्तर नकारार्थी असते. संच चौकटीत बसवून भिंतीवर लावण्यासाठी घेतला जातो. त्यातही काही गैर नाही. विक्री झाली, रंगविणाऱ्याला काम मिळाले. परंतु जो खेळ कोणी खेळत नाही त्याचे पत्ते किती काळ रंगविले जातील? लाकडी खेळण्यांची कथाही निराळी नाही. केंद्र सरकारने खेळण्यांवरील आयात शुल्क 2020 मध्ये वीसवरून साठ टक्के आणि 2023 मध्ये सत्तर टक्के केले. 2021 पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाणन सक्तीचे झाले. चिनी प्लॅस्टिकच्या लोंढ्याला त्यामुळे आळा बसला. तथापि, घरातल्या मुलाच्या हाती लाकडी बैलगाडी द्यायची की नाही, हे कोणताही अर्थसंकल्प ठरवू शकत नाही.

शासनाने काही केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसायांना प्रशिक्षण, अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत साहाय्य आणि पाच टक्के व्याजाने दोन टप्प्यांत तीन लाख रुपयांपर्यंत विनातारण कर्ज आहे. पादत्राणे करणारे त्यात आहेत, खेळणी करणारेही आहेत. वाद्ये घडविणाऱ्यांचा मात्र त्या अठरांत स्वतंत्र उल्लेख नाही. ही उणीव दूर व्हायला हवी. दुकानदारांनीही आपली बाजू तपासावी. कोल्हापुरीच्या नावाखाली रेक्झिन विकणारा, यंत्रावरचा माल हस्तकला म्हणून खपविणारा आणि वाहनचालकाला दलाली देऊन गिऱ्हाईक ओढणारा दुकानदार शेजारच्या प्रामाणिक कारागिराचाच गळा घोटतो. एकदा फसलेला प्रवासी पुन्हा त्या गल्लीत पाऊल टाकत नाही. मानांकनाचा नोंदणीकृत अधिकृत वापरकर्ता कोण, हे दर्शनी भागात लिहिण्यास कोणाची आडकाठी आहे?

तरीही अखेरची जबाबदारी प्रवाशाचीच ठरते, कारण निवड त्याच्या हाती आहे. त्याने फार काही करायचे नाही. पाच स्वस्त वस्तूंऐवजी एकच खरी वस्तू घ्यावी. ती कोणी केली, कशापासून केली, किती दिवसांत केली हे विचारावे. उत्तर ऐकण्यास थोडा वेळ द्यावा. मुलांना सोबत न्यावे. तानपुऱ्याची जवारी उतरली, पायताणाची वादी सुटली, तर वस्तू फेकून न देता ज्याने घडविली त्याच्याकडेच दुरुस्तीस न्यावी. स्वदेशी हा शब्द व्यासपीठावरून उच्चारायला सोपा आहे. तो अशा लहान दुकानाच्या पायरीवर सिद्ध करावा लागतो.

मिरजेच्या शिकलगाराने काळ ओळखला, तलवार खाली ठेवून सतार हाती घेतली, आणि ती घेणारे हात समाजात होते म्हणून त्याची विद्या पुढच्या पिढीकडे गेली. आजचा कारागीरही बदलायला तयार आहे. त्याचा मुलगा दुकानाच्या गल्ल्यावर बसून रोज येणारी-जाणारी गिऱ्हाईके मोजतो आहे आणि त्या आकड्यावरूनच बापाचे काम शिकायचे की पुण्या-मुंबईची गाडी धरायची, हे ठरविणार आहे. त्याचा निर्णय काय होईल, ते गल्लीतून नुसता पुढे निघून जाणारा की पायरी चढणारा प्रवासी, यावर अवलंबून राहील.