हलगी काचेच्या कपाटात नको

गेल्या वर्षी आमच्या एका वर्गमित्राच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमासाठी आम्ही चौघे सांगलीस एकत्र आलो होतो. त्रिशरण-पंचशील झाले आणि भाषणांना आरंभ झाला. त्याची छत्तीस वर्षांची शिक्षकी, त्याचा वक्तशीरपणा, गरजू मुलांची त्याने गुपचूप भरलेली फी, हे सारे सांगितले गेले आणि ते सारे खरे होते. परंतु तासाभराच्या त्या भाषणांत ‘हलगी’ हा शब्द एकदाही उच्चारला गेला नाही. ज्याने त्याला जवळून पाहिले, त्याला ते ऐकून वाटले असते की हा दुसऱ्याच कोणाचा कार्यक्रम आहे. खंतीची गोष्ट अशी, की बोलणाऱ्यांत आम्हीही होतो.

वाळवा तालुक्यातील एका खेड्यातून पत्र्याची पेटी घेऊन तो या वसतिगृहात दाखल झाला. सायंकाळची वंदना आटोपली, की त्या पेटीवर त्याची बोटे फिरू लागत. पहिल्या पगारातून त्याने हलगी घेतली. कुस्त्यांच्या हंगामात तो सातारा-सांगलीकडील मैदाने पालथी घाली. कुस्तीपेक्षा हलगीवाल्याच्या मनगटाकडेच त्याचे लक्ष असे. औंधच्या संग्रहालयात रविवर्म्याची चित्रे आणि हेन्री मूरचे माता-बालकाचे शिल्प यांच्यासमोर तो इतका वेळ उभा राही, की पहारेकऱ्याला त्याला आठवण करून द्यावी लागे. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी ज्या सांगलीत ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, त्या सांगलीत नाटक चुकवणे त्याला अपराध वाटे. पोहणे, मित्रांना भडंग खाऊ घालणे, नातवंडांना चित्रे काढून देणे, सगळे तो मन लावून करी. त्याच्याजवळ पैसा साठला नाही. मात्र एकही दिवस त्याने नुसता ढकलला नाही.

अशा माणसाच्या हलगीबद्दल आम्ही गप्प का राहिलो? कारण आम्हाला तिची लाज वाटत होती. कित्येक वर्षांपूर्वी एका मेळाव्यात त्याने हलगी काढली, तेव्हा आम्हीच त्याला बाजूला घेऊन म्हणालो होतो, “अरे, शिकलेल्या माणसाने हे वाजवायचे? लोक काय म्हणतील?”

आमचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. आमच्या आज्या-पणज्यांच्या हाती हलगी आवडीने आली नव्हती. ती गावकीचे काम म्हणून गळ्यात पडली होती. हलगी वाजवणारा वरातीच्या पुढे असे आणि पंगतीच्या शेवटी. ज्या पिढीने ती खाली ठेवली, तिने स्वाभिमानासाठीच ठेवली. त्या निर्णयापुढे आम्ही आजही नतमस्तक आहोत.

तो मात्र शांतपणे म्हणाला होता, “गावाने बोलावले म्हणून वाजवणे वेगळे, आणि मला वाटले म्हणून वाजवणे वेगळे. आजोबांनी टाकली ती गुलामी. हलगीने काय केले?” तेव्हा आम्ही हसून विषय बदलला. आज वाटते, की आमच्या सर्व भाषणांहून अधिक विचार त्या तीन वाक्यांत होता.

त्याच्या तालुक्यातच त्याच्या म्हणण्याला मोठा दाखला होता. 1 ऑगस्ट 1920 रोजी वाटेगावी अण्णा भाऊ साठे यांचा जन्म झाला. तेव्हा वाटेगाव सातारा जिल्ह्यात होते, आज ते सांगलीत आहे. ज्या तमाशाकडे प्रतिष्ठित समाज नाक मुरडून पाहत होता, तोच अण्णा भाऊंनी हाती घेतला. त्यातील गणाच्या जागी मातृभूमीचे वंदन आणले आणि त्यातून कामगारांचे लोकनाट्य उभे केले. 1944 साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर या मित्रांसह त्यांनी लाल बावटा कलापथक काढले. कला हीन नव्हती. तिला राबवून घेणारी व्यवस्था हीन होती. आपली ‘फकिरा’ ही कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली, हेही विसरता येणार नाही. पण त्यांच्या जयंतीला आपण त्यांचे दारिद्र्य जितके आळवतो, तितके त्यांचे गाणे आणि वाजवणे आठवतो का?

स्वतः बाबासाहेबांना व्हायोलिनची आवड होती. ते चित्रकलाही शिकत होते. साताऱ्याच्या शाळेतील त्यांच्या प्रवेशाचा 7 नोव्हेंबर हा दिवस आपण विद्यार्थी दिन म्हणून पाळतो, तो योग्यच आहे. परंतु मुलांसमोर त्यांचे केवळ पुस्तक ठेवून व्हायोलिन झाकून ठेवणे योग्य नाही. मिरजेला गेलो, की आमचा मित्र हटकून सांगे, की पूर्वी हत्यारे घडवणारे शिकलगार येथे सतार आणि तंबोरा घडवू लागले. हात तेच, पण हेतू बदलला, की वस्तूचा अर्थ बदलतो. मिरजेच्या या वाद्यांना 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते पाहायला तो हवा होता.

आता मुख्य मुद्दा. त्याच्या कुटुंबीयांनी त्याची हलगी या शाळेला दिली आहे. त्याच्या छायाचित्राखाली ती काचेच्या कपाटात ठेवावी, अशी सूचना पुढे आली आहे. त्यामागील भावना आम्ही जाणतो. तरीही आमचे स्पष्ट मत आहे, की ती कपाटात जाऊ नये. दर शनिवारी ती मुलामुलींच्या हाती द्यावी. चांगल्या वादकास मानाने, मानधन देऊन शिकवायला बोलवावे. पावसाळ्यात कातडे सैल पडले, की ती शेकोटीवर कशी शेकावी हेही मुलांनी शिकावे. कधीतरी कातडे फाटेलही. फाटले तर नवे चढवू.

अभ्यास मागे पडेल, ही पालकांची चिंता आम्ही समजू शकतो. त्यांना एवढेच सांगतो, की आमच्या मित्राने शेकडो मुलांचे पाढे हलगीच्या ठेक्यावर पक्के करून घेतले, आणि ती मुले आज नोकरी-व्यवसायात स्थिर आहेत. शिक्षणाने आपल्याला पोट भरण्याचे बळ दिले. पोट भरल्यावर जगायचे कसे, हे त्याने न बोलता दाखवले.

मैत्रीचे मोल तथागतांनी आनंदास सांगितले आहे: कल्याणमित्रता हा श्रेष्ठ जीवनाचा अर्धा भाग नव्हे, ते संपूर्ण श्रेष्ठ जीवनच होय. असा मित्र आम्हाला लाभला होता, आणि तो जिवंत असताना आम्ही त्याला थांबवायला गेलो होतो. ती चूक त्याच्या पश्चात पुन्हा होऊ नये. पुढील स्नेहमेळाव्याचा आरंभ भाषणाने न होता त्याच्या हलगीने व्हावा, आणि ती या शाळेतील एखाद्या मुलीने वाजवावी. तीच आमची त्याला आदरांजली ठरेल.