पहिली प्रत गणपतीला, दुसरी कोणाला?

लग्नपत्रिका छापून आली की पहिली खजरान्याच्या गणपतीपुढे ठेवावयाची, ही इंदूरकरांची जुनी रीत. पदरमोड करून पुस्तक छापणाऱ्यानेही पहिली प्रत तेथेच ठेवली तर त्यात वावगे काही नाही. प्रश्न दुसऱ्या प्रतीचा आहे.

स्वतःचे पुस्तक स्वतः काढणे हे कमीपणाचे लक्षण मानण्याचे कारण नाही. १९३५ साली इंदुरास भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, हे स्वतः चित्रकार. त्यांचे चित्रमय रामायण १९१६ सालचे. राजाला प्रकाशकाची पायरी चढावी लागत नाही, हे उघड आहे. आपल्याकडे होळकरशाहीच्या इतिहासाची साधनेही सरकारी छापखान्यातूनच निघाली. १९४८ साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले आणि तो आश्रय सरला. पुण्यामुंबईच्या प्रकाशकाला निदान पाचशे गिऱ्हाइके दिसली पाहिजेत. माळव्यातल्या एका वाड्याचे दप्तर किंवा आजीच्या हातची इंदुरी पाककृती यांना तेवढी कोठून मिळावीत?

येथेच आजचे नवे तंत्र उपयोगी पडते. पूर्वी दहा प्रती काढा की हजार, जुळणीचा खर्च तोच. आता मागणीप्रमाणे पन्नास प्रतीही छापता येतात. ग्रंथाचा आयएसबीएन क्रमांक केंद्र सरकारकडून लेखक-प्रकाशकालाही विनामूल्य मिळतो.

चित्रकथेचा लाभ तर आपल्याला अधिकच. इंदूरची आपली मुले हिंदीमुळे देवनागरी जाणतात; अडखळतात ती ‘ळ’पाशी आणि शब्दांच्या अर्थापाशी. तो अर्थ चित्र सांगून जाते. देवळालीकरांनी १९२७ साली येथे चित्रशाळा काढली. बेंद्रे आणि हुसेन यांचा हात या शहरात घडला. तेव्हा चित्रकाराची वाण नसावी. मात्र रंगीत पाने महाग पडतात, आणि ‘घरचाच मुलगा आहे, काढील’ म्हणून चित्रकाराचा मोबदला बुडविणे योग्य नव्हे.

परंतु प्रकाशक गेला की त्याच्याबरोबर नकार देणाराही जातो, आणि खरी अडचण तीच आहे. खाडाखोड करणारा कोणी नाही, मुद्रिते डोळ्यांत तेल घालून तपासणारा कोणी नाही. जावई म्हणतो ‘उत्तम’, व्याही म्हणतात ‘अप्रतिम’. मग पुस्तक ‘सप्रेम भेट’ म्हणून वाटले जाते, उरलेले गठ्ठे दिवाणाखाली जातात. फुकट आलेले पुस्तक आपण कपाटात मानाने ठेवतो आणि उघडत नाही, हेही आपण जाणतोच.

१९५४ च्या कायद्याने प्रकाशनापासून तीस दिवसांत एकेक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि चेन्नई, मुंबई, दिल्ली येथील ठरलेल्या ग्रंथालयांना द्यावयाची असते. ती अवश्य द्यावी. घरचे गठ्ठे वाळवीने खाल्ले तरी पुस्तक मागे राहील. पण त्याआधी हस्तलिखित एखाद्या परक्या, परखड वाचकाच्या हाती द्यावे, आणि त्याने काढा म्हटलेली पाने काढावीत. मग पन्नासच प्रती छापाव्यात, किंमत छापावी आणि ती घ्यावी.

आपणा वाचकांचेही कर्तव्य आहे. नातलगाचे पुस्तक निघाले तर भेटीची वाट न पाहता पैसे मोजून घ्यावे, आणि वाचून खरे मत सांगावे. या शहरात मराठी पुस्तक टिकावयाचे तर दुसरी प्रत विकली गेली पाहिजे.